घानात पाहुणे म्हणून जाताना

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्याचं एक जोडपं मे महिन्यात दोन आठवड्यांसाठी घानाला निघालंय. अक्रा, केप कोस्ट, कुमासी आणि उत्तरेला मोलेचं अभयारण्य असा बेत आहे. कुमासीजवळ नवऱ्याच्या जुन्या सहकाऱ्याच्या घरी मुक्काम आहे, त्याच्या गावच्या प्रमुखाची भेट ठरली आहे आणि त्याच आठवड्यात त्याच्या आजीचा अंत्यविधी असल्यामुळे त्याचंही आमंत्रण आलंय. दोघंही शाकाहारी आहेत. तिथे काय पाळायचं, काय टाळायचं, असं त्यांनी विचारलंय.

मी बरीच वर्षं अक्रात राहिले आणि आता भारतातून तिथे जाणाऱ्यांच्या प्रवासाची व्यवस्था बघते. त्यामुळे जरा मोकळेपणाने आणि सविस्तर लिहिते.

सगळ्यात आधी अभिवादन, कारण बाकीचं सगळं त्यावर उभं आहे. घानात कुठल्याही कामाआधी समोरच्या माणसाची दखल घ्यावी लागते. दुकानात शिरून थेट 'पाण्याची पिशवी केवढ्याला?' असं विचारलंत, तर विकणारी बाई तुमच्याकडे बघून शांतपणे 'गुड मॉर्निंग' म्हणेल आणि गप्प बसेल. ती काही तुमचं स्वागत करत नसते, तुमचं काय राहिलं ते दाखवून देत असते. तुम्ही परत 'गुड मॉर्निंग' म्हणालात, कशा आहात विचारलंत, की चेहरा खुलतो आणि मग भाव सांगितला जातो. हॉटेलचा रखवालदार, टॅक्सीवाला, बँकेतला कारकून, रस्ता विचारायचा तो अनोळखी माणूस, सगळ्यांना हाच नियम लागू. बारा वाजून गेल्यावर 'गुड मॉर्निंग' म्हणालात तर हसत दुरुस्त करतील. अक्रा आणि कुमासीत त्वी भाषा सगळीकडे चालते, तेव्हा सकाळी 'माचे', दुपारी 'माहा', संध्याकाळी 'माजो' आणि आभार मानायला 'मेदासे' एवढं पाठ करून जा. उच्चार वेडावाकडा झाला तरी चालतो. परक्या माणसाने प्रयत्न केला याचं तिथे खरंच कौतुक होतं. इंग्रजीत बोलताना 'प्लीज' सढळ हाताने वापरा. तिथले लोक 'प्लीज येस', 'प्लीज नो' म्हणतात, कारण नुसतं 'येस' तुटक वाटतं.

अनेकजण बसलेले असतील तर आपल्या उजव्या हाताच्या टोकापासून सुरुवात करून डावीकडे जात प्रत्येकाशी हात मिळवायचा. मधे कुणी मोठा माणूस बसलाय म्हणून आधी त्याच्याकडे धावायचं नाही, आणि ओळखीच्या दोघांना भेटून बाकीच्यांना वगळायचं तर मुळीच नाही. वयस्कर माणसाने हात पुढे केला तरच आपण करायचा. डोक्यावर टोपी असेल तर ती काढायची. तरुण मंडळी हात सोडताना एकमेकांच्या मधल्या बोटाने चुटकी वाजवतात. ते जमलं तर मजा येते, पण आजोबांच्या वयाच्या माणसाशी तो प्रयोग करू नका.

डावा हात. आपण प्रसाद डाव्या हातात घेत नाही, तिथे हा नियम सगळ्याच व्यवहाराला आहे. पैसे देणं-घेणं, वस्तू पुढे करणं, जेवणं, हात हलवून निरोप घेणं, बोट दाखवून रस्ता विचारणं, सगळं उजव्या हाताने. आपण मराठी माणसं जेवताना सांभाळतो, पण टॅक्सी थांबवताना किंवा ट्रोट्रोमध्ये, म्हणजे तिथल्या वडापच्या गाडीत, भाडं देताना सहज डावा हात पुढे करतो. उजव्या हातात सामान असेल तर 'सॉरी, डावा हात आहे' असं म्हणून द्या. तिथले लोकही तसंच म्हणतात.

आता सहकाऱ्याच्या घरचा मुक्काम. कुमासी भागातल्या अशांती लोकांच्या घरी पाहुण्याच्या आगमनाला एक ठरलेला क्रम असतो आणि तो माहीत असला की गोंधळ होत नाही. तुम्ही आत जाता, बसलेल्यांना हात मिळवता, तुम्हाला बसायला दिलं जातं. मग पाणी येतं. ते घ्यायचं. बाहेरचं पाणी चालत नसेल तर ग्लास हातात घेऊन ओठाला लावून ठेवा, पण ट्रे परत पाठवू नका. मग घरचे उठून तुमच्याजवळ येतात, हात मिळवून 'अक्वाबा' म्हणतात. त्यानंतर घरातलं कुणी मोठं माणूस रीतसर विचारतं की इकडे सगळं ठीक आहे, तुमचं येणं कशासाठी? येण्याचं कारण त्यांना आधीच माहीत असलं तरी हा प्रश्न होतो. फोनवर सगळं बोलणं झालंय म्हणून 'अहो, तुम्हाला सांगितलंय की' असं उत्तर देऊ नका. वाईट बातमी नाही, तुम्हाला भेटायला आलो, प्रवास असा असा झाला, हे चार वाक्यांत नीट सांगा. निघतानाही 'चला, येतो' म्हणून उठायचं नाही, निघण्याची परवानगी मागायची. त्यावर घरचे म्हणतील की अर्धी वाट दिली. उरलेली अर्धी तुम्ही पुन्हा यावं म्हणून राखून ठेवलेली असते. मला घानातला हा रिवाज फार आवडतो.

नेताना काय न्यावं? मिठाईचा मोठा डबा, चहा, मुलांसाठी वह्या-रंग असं काही. घरातल्या सगळ्यात मोठ्या व्यक्तीच्या हातात द्या. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कालच्या जेवणाबद्दल पुन्हा आभार माना. जेवणाच्या वेळी मानलेले आभार तिथे पुरेसे धरले जात नाहीत.

जेवणाबद्दल तुम्हाला खरी काळजी आहे, आणि ती रास्त आहे. 'आम्ही व्हेजिटेरियन' एवढं सांगून भागत नाही. मांस नको म्हटलं की मासे चालतात असा समज होणं अगदी सहज आहे, कारण सुकवलेला किंवा धुरावलेला मासा तिथल्या बहुतेक रश्शांचा पाया असतो. 'मांस नको, मासे नको, सुकट नको, अंडं नको' असं मोजून सांगा, आणि तेही निघण्याआधी फोनवर. पान वाढल्यावर सांगितलं तर रांधणारीचा दिवस वाया जातो आणि तिला ते लागतं. तुम्ही खाऊ शकाल असं बरंच आहे: पाम तेलातली चवळीची उसळ आणि तळलेली केळी, ज्याला 'रेड-रेड' म्हणतात (त्यातही सुकट घालतात, तेव्हा विचारा), आलं-मिरची लावून तळलेली पिकल्या केळ्याची केलेवेले, उकडलेला याम नावाचा कंद, तांदूळ आणि चवळीचं वाचे. वाचेबरोबर काळी तिखट चटणी येईल, ती शितो. तिच्यात सुका मासा आणि कोळंबी असते, ती बाजूला ठेवा. शेंगदाण्याचा रस्सा मांसाशिवाय करून द्या म्हटलं तर आनंदाने करतील, आणि आपल्या जिभेला तो लगेच रुचतो.

बरोबर फुफू येईल. कसावा, म्हणजे साबुदाण्याचा कंद, आणि कच्ची केळी उकडून, मोठ्या उखळात कुटून केलेला तो मऊ गोळा रश्शात ठेवून देतात. आधी हात धुवायला पाणी फिरतं. मग उजव्या हाताच्या बोटांनी लहानसा तुकडा तोडायचा, रश्शात बुडवायचा आणि न चावता गिळायचा. चावत बसलात तर मुलं हसतील. एकाच भांड्यातून दोघं-तिघं खात असतील तर आपल्या समोरच्या बाजूनेच खायचं. रस्त्यात किंवा कार्यालयात कुणी जेवत असेल आणि तुम्हाला पाहून 'यू आर इन्व्हायटेड' म्हणालं, तर ती पद्धत आहे. 'थँक यू' म्हणून पुढे गेलात तरी कुणाला वाईट वाटत नाही.

यात एक गोष्ट तळमळीने सांगते. अक्रा-कुमासी रस्त्यावर विक्रेते धुरावलेला ग्रासकटर, म्हणजे घुशीसारखा दिसणारा मोठा रानप्राणी, हातात उंच धरून गाड्यांना दाखवतात. बाजारात मोठ्या गोगलगायी, उग्र वासाचा खारवलेला मासा असतो. नाकाला रुमाल लावणं, 'शी' म्हणणं, तोंड वाकडं करणं कृपा करून टाळा. शाकाहाराला तिथे कुणी नावं ठेवत नाही. देवासाठी अमुक खात नाही, हे कारण तर त्यांना पटकन कळतं, कारण त्यांच्या कुळांनाही काही पदार्थ वर्ज्य असतात. पण दुसऱ्याच्या ताटाची किळस दाखवली की माणूस मनातून उतरतो.

अंत्यविधीचं आमंत्रण आलंय म्हणून तुम्ही संकोचला आहात, असं तुमच्या शब्दांवरून वाटलं. जरूर जा. आपल्याकडे अशा प्रसंगाला आमंत्रण नसतं आणि परका माणूस तर जातच नाही. अशांती समाजात मात्र अंत्यविधी हा कुटुंबाचा सगळ्यात मोठा जाहीर सोहळा असतो. मृत्यूनंतर कित्येक आठवडे, कधी महिनेही शव शीतगृहात ठेवतात. तोवर परदेशातली मंडळी येतात, पैसे उभे राहतात, रस्त्याकडेला मृताचा फोटो असलेले मोठे फलक लागतात. वृद्ध माणूस गेला असेल तर त्यावर 'कॉल टू ग्लोरी' किंवा 'होम कॉल', तरुण गेला असेल तर 'व्हॉट अ शॉक!' असे मथळे दिसतील. मुख्य कार्यक्रम बहुतेक शनिवारी असतो आणि रविवारी चर्चमध्ये आभाराची प्रार्थना.

कपड्यांचे रंग महत्त्वाचे. काळा आणि लाल हे दुःखाचे रंग. भरपूर आयुष्य जगून गेलेल्या व्यक्तीसाठी काळं-पांढरं घालतात, कारण त्या आयुष्याबद्दल कृतज्ञताही असते. आजीचा प्रसंग असल्यामुळे कदाचित काळं-पांढरं असेल, पण तुमच्या मित्राला नक्की विचारा. कुटुंब बहुधा एकच छापील कापड ठरवतं. ते विकत घेऊन तिथल्याच शिंप्याकडून शिवून घेतलंत तर घरच्यांना खूप बरं वाटेल. काळी-पांढरी साडीही शोभेल. भडक पिवळा, गुलाबी नको.

मांडवात गेल्यावर बसलेल्या नातेवाइकांच्या रांगेशी उजवीकडून डावीकडे हात मिळवत जायचं, मग आपल्या जागेवर बसायचं. एका टेबलावर आहेर घेणारे बसलेले असतात. रोख रक्कम द्यायची, नाव सांगायचं, पावती मिळते, आणि थोड्या वेळाने ध्वनिक्षेपकावरून तुमचं नाव आणि रक्कम जाहीर होते. त्याने दचकू नका. खर्च प्रचंड असतो आणि समाज तो असा वाटून घेतो. कोण उभं राहिलं याची नोंद कुटुंब जपून ठेवतं, पुढे परतफेड करतं. रडणं, ढोल, आदोवा नाच, जेवण हे सगळं एकाच मांडवात चालेल. नाचायला बोलावलं तर दोन पावलं टाका. फोटो मात्र विचारूनच.

प्रमुखाची भेट ही बाकी सगळ्यापेक्षा औपचारिक. घानात प्रमुखपद राज्यघटनेने मान्य केलेलं आहे. जमीन, तंटे, सण, सगळ्यात त्यांचा शब्द चालतो. त्यातले कित्येक उच्चशिक्षित असतात आणि उत्तम इंग्रजी बोलतात. तरीही तुम्ही त्यांच्याशी थेट बोलायचं नाही. शेजारी सोन्याच्या वर्खाने मढवलेली काठी घेतलेला ओचियामे असतो. तो प्रमुखांचा प्रवक्ता. तुमचं म्हणणं त्याला सांगायचं, तो प्रमुखांपुढे मांडतो, उत्तरही त्याच्याकडून येतं. टोपी, गॉगल काढलेले, हात खिशाबाहेर, पायावर पाय टाकलेला नाही, फोन बंद. चपला काढायला सांगितलं तर काढा. प्रमुखांनी हात पुढे केल्याशिवाय आपण करायचा नाही.

रिकाम्या हाताने जाता येत नाही. दक्षिणेत श्नॅप्सची, म्हणजे जिनसारख्या दारूची बाटली आणि पाकिटात थोडी रोख रक्कम ही रीत आहे. तुम्ही दारू पीत नसाल तरी बाटली न्याच, तिच्याऐवजी पेढे नेऊन चालायचं नाही. ती पूर्वजांसाठी असते. त्यातले थेंब जमिनीवर ओतत पूर्वजांची नावं घेतली जातात, तेव्हा शांत उभं राहायचं. तुम्हाला पेला दिला तर पीत नसल्याचं ओचियामेला हळू सांगा, ते सहज मान्य होतं. मोलेकडे, उत्तरेत कुणा प्रमुखाला भेटायची वेळ आली तर तिथे बाटलीऐवजी कोला नावाच्या फळाचं बी देतात. तिकडचे प्रमुख सिंहासनाऐवजी प्राण्याच्या कातड्यावर बसतात आणि भेटायला येणारे खाली वाकून बसतात.

कुमासीत मनह्या राजवाड्याचं संग्रहालय चुकवू नका. सध्याचे असांतेहेने, म्हणजे अशांतींचे राजे, ओसेई तुतू दुसरे 1999 पासून गादीवर आहेत. दर सहा आठवड्यांनी अक्वासिदायच्या दिवशी ते दरबार भरवतात. तारीख जुळली तर लवकर जाऊन मागे उभे राहा आणि राजाच्या समोरून आडवं जाऊ नका. सोन्याच्या आसनाबद्दल विनोद नकोत. त्यात अशांतींचा आत्मा आहे अशी श्रद्धा आहे, आणि 1900 साली इंग्रज गव्हर्नरने ते मागितलं म्हणून 'या आसांतेवा' नावाच्या राणीमातेच्या नेतृत्वाखाली युद्ध झालं होतं.

केप कोस्ट आणि एल्मिनाचे किल्ले मात्र पर्यटनस्थळ समजून पाहू नका. एल्मिना पोर्तुगीजांनी 1482 मध्ये बांधायला घेतला, आणि पुढच्या शतकांत या किनाऱ्यावरच्या तळघरांतून अगणित माणसं गुलाम म्हणून जहाजांवर चढवली गेली. केप कोस्टला पुरुषांच्या अंधाऱ्या तळघराच्या वरच प्रार्थनास्थळ होतं. मार्गदर्शक तुम्हाला खाली नेईल, दिवा मालवेल. तुमच्या गटात अमेरिकेतून, कॅरिबियनमधून आलेली माणसं असतील. ती तिथे आपल्या पूर्वजांना भेटायला आलेली असतात. काहीजण हमसून रडतात, भिंतीला हात लावून उभे राहतात, पुष्पचक्र ठेवतात. अशा वेळी मराठीत गप्पा, सेल्फी, 'त्या दारात उभी राहा, फोटो काढतो' असं काहीही नको. त्यांचे फोटो तर नकोतच. आणि हा इतिहास आपला नाही, असं वाटून घेऊ नका. भारतात विणलेलं सुती कापड या व्यापारात माणसांच्या मोबदल्यात दिलं जात होतं.

इथेच एक अवघड विषय बोलायला हवा. भारतीय म्हणून तुमचं स्वागत होईल. 'कुमकुम भाग्य' मालिका त्वीमध्ये भाषांतरित होऊन घराघरांत पोचली होती, तिच्याबद्दल हमखास विचारतील. कुणी म्हणेल, मी भारतात शिकलो. एखादा म्हातारा सांगेल की वडील दुसऱ्या महायुद्धात भारतातून ब्रह्मदेशाच्या आघाडीवर गेले होते. अक्रातल्या लष्करी तळाचं नावच बर्मा कॅम्प आहे. पण त्याच वेळी भारतात आफ्रिकी विद्यार्थ्यांना कसं वागवतात हेही त्यांना ठाऊक असतं. अक्रातल्या लेगॉन इथल्या विद्यापीठात 2016 मध्ये बसवलेला गांधीजींचा पुतळा, त्यांनी तरुणपणी आफ्रिकी लोकांबद्दल लिहिलेल्या मजकुराच्या निषेधामुळे डिसेंबर 2018 मध्ये हलवण्यात आला. हा विषय कुणी काढला तर वाद घालू नका, ऐकून घ्या. रंगावरून, केसांवरून आपापसात मराठीतही शेरे मारू नका. शब्द कळले नाहीत तरी नजर कळते. तुम्हाला मुलं 'ओब्रोनी' म्हणून हाका मारतील, म्हणजे परदेशी. त्यात हेटाळणी नसते, हसून हात हलवा. उजवा.

आणि आवाज चढवू नका. गाडी उशिरा आली, खोली तयार नाही, म्हणून 'नॉनसेन्स', 'स्टुपिड', 'फूल' असे शब्द तोंडातून गेले तर काम तिथेच संपतं. आपण ते सहज वापरतो, तिथे ती जबर शिवी आहे. खरोखर बिनसलंच तर एखाद्या वडीलधाऱ्या माणसाला मध्यस्थ घालून माफी मागायची. अशी मध्यस्थी तिथे कुणी सहसा धुडकावत नाही.

बाकीचं भराभर. माणसांचे, विशेषतः बाजारातल्या बायकांचे फोटो विचारल्याशिवाय काढू नका. सरकारी आणि लष्करी इमारतींचे तर काढूच नका. लष्करी छापाचे कपडे नागरिकांना कायद्याने मना आहेत, तेव्हा तसली कार्गो पँट पुण्यातच ठेवा. जोडप्याने चारचौघांत फार लगट करणं बरं दिसत नाही, पण दोन मित्र हात धरून चाललेले दिसतील, त्यात वेगळं काही नसतं. उत्तरेत मुस्लिम वस्ती जास्त आहे, तिथे खांदे-गुडघे झाकलेले असावेत आणि परस्त्रीपुढे किंवा परपुरुषापुढे आपणहून हात करू नये. मोलेजवळच्या लाराबांगा गावातली मातीची प्राचीन मशीद बाहेरूनच बघायची, इतर धर्मीयांना आत प्रवेश नाही. तुमचा धर्म कोणता, हे पहिल्याच भेटीत विचारतील. तो आपुलकीचा प्रश्न आहे. हिंदू म्हटल्यावर कुणी अक्रातल्या मठाबद्दल सांगेल. स्वामी घनानंद सरस्वती या घानाच्याच संन्याशाने तो उभारला, आणि तिथली पूजा-आरती स्थानिक लोकच करतात.

तुम्ही मे महिन्यात जाताय. त्या सुमारास अक्रात गा लोकांच्या होमोवो सणाआधीची सुमारे महिनाभराची ढोल आणि गोंगाटबंदी सुरू होते. चर्चनाही ती पाळावी लागते. त्या काळात मोबाइलवर मोठ्याने गाणी लावून रस्त्याने फिरू नका, आणि रात्रीच्या संगीताच्या कार्यक्रमांची आशा अक्राऐवजी कुमासीत ठेवा. पीतज्वराची लस निघण्याच्या किमान 10 दिवस आधी घ्या. तिचं पिवळं कार्ड घानात उतरताना दाखवावं लागतं आणि परत मुंबईत उतरतानाही, नाहीतर विलगीकरणात ठेवतात. हिवतापाच्या गोळ्यांबद्दल डॉक्टरांशी आत्ताच बोला. आणि अंत्यविधीचे कपडे शिवायचे असतील तर मापं मित्राला आधीच पाठवून द्या, कारण शनिवारच्या आधी कुमासीतले शिंपी मान वर करत नाहीत.